डोंबिवलीच्या सुनेचा वेटसूट

"अंगभर कपडा असेल तर जा समुद्रात. पण एक जरी भोक दिसलं, तर पाय भिजवायचा नाही!" सासूबाईंनी निकाल दिला आणि आमची काशिदची ट्रिप ठरली. चौऱ्याण्णवचा हिवाळा. मी ठाण्याच्या कोळीवाड्यातली, खाडीत पोहत वाढलेली. लग्न करून डोंबिवलीत आले आणि पाणी फक्त पिंपात बघायला मिळायला लागलं. माझा मावसभाऊ दामू जहाजावर नोकरीला. त्याने ऑस्ट्रेलियातून सर्फिंगची फळी आणि कुणीतरी टाकून दिलेला वेटसूट आणलेला. मला लाटेवर उभं राहायचं होतं म्हणजे राहायचंच होतं. पण स्विमिंग कॉश्च्युम घालून? डोंबिवलीच्या सुनेने? छे! वेटसूट म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत काळं रबर, माझी सगळी अब्रू त्यात. फक्त मांडीवर चार बोटं फाटलेलं आणि गुडघे झिजून जाळी झालेली.

"बाय, यो भंगारात दे," दामू म्हणाला.

"गप रे! फाटलं म्हणून जाळं फेकतो का आपण?"

मानपाड्याला चपलावाल्यांना माल देणारं एक दुकान होतं. तिथून सोल चिकटवायचं पिवळं सोल्यूशन आणलं. सूट कुणा उंच माणसाचा, त्यामुळे बाह्या मला लांब होत्या. जास्तीची पट्टी कापून त्याचीच ठिगळं केली, चिकटवली आणि रविवारी ट्रायलला खडवली गाठली. तुम्ही जाणार असाल तर कल्याणहून कसाऱ्याची गाडी पकडा, नदी स्टेशनपासून चालत आहे. डबा मात्र घरून न्या, आम्हाला तिथे चहाशिवाय काही मिळालं नव्हतं.

पाणी गारेगार. मी कमरेपर्यंत उतरले, दोन हात मारले आणि काठावरून सासूबाई ओरडल्या, "सुनंदा, मांडी! अगं, मांडी!"

सगळा काठ माझ्याकडे बघायला लागला. ठिगळ सुटून आरामात वाहत चाललेलं. मला रडूच फुटलं. संपलं, आता कुठलं काशिद! बाहेर येऊन आडोशाला सूट सोलून काढला, तर खोबरेल तेलाचा घमघमाट.

"मीच लावलं होतं परवा," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "चिकटवण्याच्या आधी. रबर मऊ राहावं म्हणून."

"आई! तेलावर कधी काही चिकटेल का?"

"बरं, ओरडू नकोस. मी बिघडवलंय, मी धुऊन देते. तू पुन्हा कर."

रिठ्याच्या पाण्यात त्यांनी तो सूट असा घासला की दामूने बघायला हवं होतं. सावलीत खडखडीत वाळला. मग मी बसले. फाटलेल्या दोन्ही कडांना पातळ सोल्यूशन, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, वर दुसरा हात, परत थांबायचं, मग कडेला कड भिडवून गच्च दाबायचं. सगळी गोम त्या थांबण्यात आहे. टाके घातले ते फक्त रबरावरच्या पातळ कापडाच्या थराला. सुई रबराच्या आरपार गेली की तिथून पाणी शिरलंच. गुडघ्यांवर गोल ठिगळं लावली, कारण कोपरे आधी उचकटतात. बाबांची जाळी बघून हात तयार झालेला, टाका असा बसला की माझं मलाच कौतुक वाटलं.

पुढच्या रविवारी ठाण्याच्या खोपट डेपोतून पहाटेची मुरूडची एसटी. फळी टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, "ताई, दरवाजा कुठे नेताय?"

"समुद्रात घर बांधतेय!"

रेवदंड्याचा पूल ओलांडला की उजवीकडे समुद्र सुरू होतो, म्हणून उजवीकडचीच खिडकी धरा. काशिदला तेव्हा पांढरी वाळू, सुरूची झाडं आणि एक शहाळीवाला, बस्स. सूट चढेना. आता तेल तर नकोच! सासूबाईंनी पिशवीतून धुतलेली दुधाची पिशवी काढली. "ही पायात घाल, सरकेल." सुर्रकन सरकला की हो!

पडले, आपटले, नाकातोंडात पाणी गेलं. दुपारी एका लाटेने फळी उचलली आणि मी उभी राहिले. खरंच उभी! किनाऱ्यापर्यंत आले. सासूबाई छत्री टाकून धावत आल्या, आधी मांडी बघितली, मग गुडघे. एक टाका हलला नव्हता.

"आमची सून," त्या शहाळीवाल्याला म्हणाल्या. "कपडासुद्धा तिनंच दुरुस्त केलाय."

पुढे अशा ट्रिपा फार झाल्या नाहीत. नोकरी, मुलं. फळी दामू घेऊन गेला. पण आजही कुणी 'हे आता टाकून दे' म्हटलं की माझे हात शिवशिवतात, आणि तो तोरा मी सोडणार नाही.

त्या रविवारी काशिदहून घरी पोचलो. सूट गोड्या पाण्यातून काढून मी आत मोरीत टांगायला निघाले, तर सासूबाईंनी हातातून घेतला आणि रस्त्याकडच्या गॅलरीत, मांडीवरची शिवण बाहेर करून वाळत घातला.

"आई, अहो, सगळ्यांना दिसेल तिथे!"

"दिसू दे की!"