दरीच्या बाजूची खिडकी

बंगळुरात आठ वर्षं काढून मी कन्नडचे मोजके शब्द कमावले आहेत. त्यातला सर्वांत जास्त चालणारा ‘स्वल्प’, म्हणजे थोडंसं. तेवढ्या भांडवलावर मी सहलवाल्याशी फोनवर कडाकडा भांडलो. मुद्दा होता दरीच्या बाजूच्या खिडकीचा. “सर, खिडकी दोन्ही बाजूंना आहे,” तो सांगत होता. “दरी आहे का दोन्ही बाजूंना?” असं विचारून मी जिंकलो.

घाई आईच्या डोळ्यांमुळे होती. पडद्याचा मधला भाग हळूहळू जातोय, दाखवायचं ते दाखवून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. पुण्याहून तिला माझ्याकडे आणून मी काय दाखवलं, तर सर्जापूर रोडवरच्या समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं धुणं. म्हणून ही एका दिवसाची सहल. सकाळी रेल्वेच्या काचेच्या डब्यातून सकलेशपूरचा घाट उतरायचा, संध्याकाळी बसने परतायचं.

आईने दशम्या घेतल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि रुमालाच्या गाठीत एक नाणं. गाडी नदीवरून जाताना ती नाणं टाकतेच. लहानपणी हा मान माझा असे. एकदा नाण्याबरोबर घराची किल्लीही मी भीमेला अर्पण केली होती.

घाट लागला आणि आमचा टोपीवाला गाइड माइक घेऊन सुटला.

“लेफ्ट साइड देखिए, डीप व्हॅली!”

“अगंबाई, केवढी खोल!” आई म्हणाली.

“राइट में पूरा जंगल!”

“काय सुरेख हिरवं आहे रे!”

माझी छाती फुगली. मी फोटो काढत सुटलो. अर्ध्या फोटोंत माझाच अंगठा आला आहे.

“अब लेफ्ट, लेफ्ट! बिग वॉटरफॉल!”

आईने काचेला नाक लावलं. “आई गं! दूध सांडल्यासारखं पाणी!”

मी वाकून पाहिलं. काळा कोरडा कातळ होता, त्यावर वाळक्या शेवाळाचा एक पट्टा. मार्च महिना चालू होता. आईला मार्चमध्ये धबधबा दाखवायला आणणारा शहाणा मीच. मागून कुणीतरी ओरडलं, “नीरे इल्ला!” पाणीच नाही. डबा हसला, गाइडही हसला. “सॉरी अम्मा, पानी देखना है तो जुलाई में आइए.”

हिंदी तिला कळत होती. ती काचेकडेच तोंड करून बसून राहिली.

“आहे की गं,” मी म्हणालो, “स्वल्प.”

मग चाकांचा आवाज पोकळ झाला. “पूल आला,” गाइडच्याही आधी ती म्हणाली. गाठ सोडून तिने नाणं माझ्या हातात ठेवलं. “टाक पटकन.”

मी काचेशी उगाच खुडबुड केली आणि नाणं शर्टाच्या खिशात सोडलं. “टाकलं.”

“कुठून?”

“खिडकीतून.”

“काच उघडत नाही रे. सकाळीच चाचपून पाहिली मी.”

पूल संपला.

“आणि पाणी?” तिने विचारलं.

“कातळ होता नुसता.”

“हं.”

“कधीपासून दिसत नाहीये, आई?”

“कडेकडेने दिसतं अंधूक. मधलं दिवाळीआधीच गेलं.”

“आणि डॉक्टरांकडे वाचायचीस ते?”

“तो तक्ता पाठ झालाय मला.” मग रुमालाची घडी घालत म्हणाली, “तू खिडकीसाठी एवढा भांडलास. म्हटलं, वाया कशाला घालवा.”

पुढचे सगळे बोगदे मला बरे वाटले. अंधार झाला की पोरं किंचाळायची आणि माझ्या तोंडाकडे कुणी बघत नसे. आईने मात्र प्रत्येक बोगद्यात माझ्या मनगटावर हात ठेवला, जणू मीच घाबरेन.

परतीच्या बसची खिडकी उघडत होती. सकलेशपूरला हेमावतीचा पूल आला तेव्हा खिशातलं नाणं काढून मी तिच्या मुठीत दिलं आणि तिचा हात बाहेर नेला.

“सोड.”

“नदीच आहे ना?”

“नदीच आहे.”

मूठ उघडेना. “पाणी आहे?”

मी डोकं बाहेर काढून नीट खाली पाहिलं. खडकांमधून एक धार चालली होती.

“आहे,” मी म्हणालो. “थोडंच आहे, पण आहे.”

तेव्हा तिने मूठ उघडली.