प्रेमलाबाईंचा खिसा

उत्कर्षा भोयर फॅशनचे फोटो काढते, पण तिची कामाची रीत कळली की पुण्यातले निम्मे कपडेवाले तिला परत फोन करत नाहीत. कोऱ्या, इस्त्रीच्या कपड्याचा ती फोटोच काढत नाही. आधी तो कुणा कष्टाच्या माणसाला दिवसभर घालायला देते, त्याला त्याचं काम करू देते आणि मग कॅमेरा उघडते. "नवा कपडा पाहुण्यासारखा वागतो," असं तिचं म्हणणं. "दिवसभर राबला की मग खरा स्वभाव दाखवतो."

मूळची ती भंडाऱ्याची. पुण्यात आली आयटीतल्या नोकरीसाठी. पण कंपनीच्या बसमधून येता-जाता बाहेरच्या माणसांचे कपडे बघत राहायची. चार वर्षांनी नोकरी सोडली तेव्हा आई फोनवर म्हणाली, "लोकायचे कपडे पाहासाठी नोकरी सोडली काय वं?" उत्कर्षा "हो" म्हणाली, कारण ते खरंच होतं.

गेल्या हिवाळ्यात मार्केट यार्डच्या फूलबाजारात तिला प्रेमलाबाई दिसल्या. लोणी काळभोरच्या, घरची शेवंती घेऊन आलेल्या. साडीवर पुरुषाचा चौकड्यांचा शर्ट. असे शर्ट उत्कर्षानं शेकडो बायकांच्या अंगावर पाहिले होते, पण विचारलं कधीच नव्हतं.

"मावशी, हा शर्ट का घालता?"

"मालकांचा हाय."

"पण घालता का?"

प्रेमलाबाईंनी तिला नीट न्याहाळलं. शहाण्या पोरीनं विचारावं असा हा प्रश्न नव्हता. मग त्यांनी शर्टाच्या खिशावर थाप मारली. "खिसा हाय ना! साडीला कुठंय? फोन पोलक्यात ठेवला की घामानं बंद पडतो."

त्याच आठवड्यात शेफाली भावे यांनी उत्कर्षाला एक जॅकेट पाठवलं होतं. औंधात त्यांचं कपड्यांचं दुकान. साडीवर घालायची हातमागाची जॅकेटं बाजारात आणायची होती आणि हा पहिलाच नमुना होता. उत्कर्षा तो घेऊन लोणीला गेली.

प्रेमलाबाईंनी जॅकेट चढवलं. खांदे हलवून पाहिले, वाकून पाहिलं. "ऊब चांगली हाय," म्हणाल्या आणि शेवंती कापायला लागल्या. तासाभरानं फोन वाजला. बोलून झाल्यावर तो ठेवायला त्यांनी खिशाची पट्टी उचलली, तर बोट आत जाईना.

"शिवून आलाय जणू," म्हणत त्यांनी हातातल्या कात्रीनं टाके सरळ कापले आणि फोन आत सरकवला. फोन पलीकडून थेट फुलांच्या बादलीतल्या पाण्यात पडला. पट्टीमागे खिसा नव्हताच. ती नुसती शोभा होती.

प्रेमलाबाईंचा हात कोपरापर्यंत त्या भोकातून बाहेर आला. "आगं, ह्याला बूडच न्हाई!" त्या ओरडल्या आणि मग अशा हसल्या की पलीकडच्या वाफ्यातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. उत्कर्षानं कॅमेरा उचलला. नंतर बादलीत हात घातला.

फोन दोन दिवस तांदळाच्या डब्यात राहून चालू झाला. जॅकेटला मात्र इलाज नव्हता. उत्कर्षानं ते आणि त्या हसण्याचा फोटो औंधात नेऊन दिला.

"फोटो काढायला दिलं होतं," शेफाली मॅडम म्हणाल्या, "फाडायला नव्हे."

"मॅडम, खिसा खोटा का ठेवलात?"

"आत खरा खिसा आला की कापड फुगतं. बाईचा कपडा अंगासरसा बसायला हवा."

"कोण म्हणतं?"

शेफाली मॅडम वीस वर्षं कपडे शिवत होत्या, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी फोटो पुन्हा हातात घेतला. मग लोणीचा रस्ता विचारून घेतला.

पुढच्या मंगळवारी त्या स्वतः लोणीला गेल्या. प्रेमलाबाईंनी चहा दिला आणि खिसा कुठं हवा ते जॅकेटवर खडूनं आखून दाखवलं: डावीकडे, आतून, चार बोटं खोल. "वाकलं तरी सांडाया नगं." मॅडमनी वाद घातला नाही. मापं लिहून घेतली.

संक्रांतीनंतर जॅकेटं दुकानात आली, खऱ्या खिशाची. पाठीमागच्या भिंतीवर मोठा फोटो लावला: फाटक्या जॅकेटातून हात बाहेर काढून हसणारी बाई. प्रेमलाबाई तो बघायला नातीला घेऊन औंधात आल्या. "दात लई दिसत्यात," एवढंच बोलल्या, पण दुकानातून लवकर निघाल्या नाहीत. एक गिऱ्हाईक बाई आरशासमोर आतल्या खिशात पुन्हा पुन्हा हात घालून बघत होती, तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

उत्कर्षा त्यांच्याशेजारीच होती. त्यांना काय वाटत असेल हे विचारायची तिला फार इच्छा झाली. त्या दिवशी मात्र तिनं विचारलं नाही.