मेतकुटाच्या डब्यातलं औषध

माझ्या सिंगापुरातल्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या मोठीने मला इंग्रजीत विचारलं, "आजी, आजोबा ड्रग्ज घेतात म्हणून ते आमच्याकडे आले नाहीत का?" मागून तुमच्या बाबाने घाईघाईने विषय बदलला. प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळ द्यायला हवं. फोनवर मला ते जमलं नसतं, म्हणून लिहिते आहे. जिथे अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

तीन वर्षांपूर्वी आजोबांना नागीण झाली. कमरेच्या वर, बरगड्यांवर, पट्ट्यासारखे फोड आले. फोड गेले, आग गेली नाही. अंगाला सदरा लागला तरी ते दचकायचे. गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची, पोट बिघडायचं, वेदना मात्र जागेवर. शेवटी इथे जर्मनीत, हायडेलबर्गच्या डॉक्टरीणबाईंनी औषधी गांजा लिहून दिला. हो, गांजाच. सुकी फुलं, औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीवर. छोट्या यंत्रात गरम करून त्यांची वाफ घ्यायची, सकाळी आणि दुपारी. पहिल्या आठवड्यातच आजोबा खुर्चीत टेकून बसले आणि म्हणाले, "अगं, आज पेपर पूर्ण वाचला."

मी मिशनरी शाळेत शिकलेली. गांजा म्हणजे नाक्यावरची वाया गेलेली मुलं, एवढंच मला ठाऊक. म्हणून मी कायदा वाचायला बसले. इथे मोठ्या माणसांना थोडा गांजा जवळ ठेवायला आता परवानगी आहे, घरी तीन रोपंही लावता येतात. कायदा बर्लिनमध्ये झाला, पण राबवायचा सोळा राज्यांनी, प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे. आमच्या राज्यात एक रीत, शेजारच्या बायर्न राज्यात, म्हणजे बव्हेरियात, जास्त कडक. युरोपातल्या जवळच्या देशांत औषध न्यायचं तर डॉक्टरांचा दाखला आणि त्यावर आरोग्य कार्यालयाचा शिक्का लागतो. त्यापलीकडे ज्या त्या देशाचा कायदा. आणि तुमच्या सिंगापूरचा कायदा किती कडक आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

हे सगळं मी वाचलं, पण उशिरा. त्याआधीच तुमच्यातल्या धाकट्याच्या मुंजीचं ठरलं होतं. आजोबांनी विमानातली जागा निवडली, नवं धोतर मागवलं. औषधाशिवाय ते इथून फ्रँकफर्टच्या विमानतळापर्यंतसुद्धा बसू शकत नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यावर आम्ही बोलत नव्हतो.

आपल्या लोकांची एक सवय आहे. कुणी कुठे निघालं की त्याच्या बॅगेत आपला डबा. आमच्या वॉल्डॉर्फ गावातल्या मराठी घरांच्या ग्रुपवर सतत तेच चालतं: कुणी पुण्याला जातंय का, कुणी दुबईहून येतंय का. चाळीस वर्षं आम्ही अशीच औषधं मागवली. काढे, चूर्णं, गुडघ्याचं तेल, सगळं परक्यांच्या बॅगांतून आलं. आमच्या खालच्या गल्लीत एक तरुण इंजिनीअर मुलगी राहते. ती मुंजीच्या आधी कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला निघाली होती. तिच्याबरोबर मी तुमच्यासाठी मेतकूट पाठवलं. डब्यावर नाव, तारीख, कडेने चिकटपट्टी, माझ्या पद्धतीने. डबा नेऊन दिला आजोबांनी.

त्याच दुपारी त्यांच्या औषधाची बरणी उचलली तर हलकी लागली. आदल्याच दिवशी भरून आणली होती.

"अहो, बरणी अर्धी कशी?"

"पुढे पाठवलंय," ते पेपरातून मान वर न करता म्हणाले.

"पुढे कुठे?"

"मेतकुटात. पुडी करून. तिथे गेल्यावर लागणार नाही का? डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आहे, मी काय चोरी करतोय?"

मी चपला घातल्या. कोट घातला नाही.

ती मुलगी हॉलमध्ये वजनकाट्यावर बॅग चढवत होती. तिचा छोटा सोफ्यावरून मला "हालो" म्हणाला.

"या काकू! अजून काही राहिलं का? आता मी फक्त एक रुमाल घेऊ शकते हं."

"द्यायला नाही, घ्यायला आले. आमचा डबा काढ."

"का? काकांना मेतकूट कमी पडलं?"

मी सांगितलं. ती बॅगेवर बसली. मग उठली, बॅग उघडली, डबा माझ्या हातात दिला आणि बॅगेतले सगळे कपडे बाहेर काढून एकेक झटकू लागली.

"टॅक्सी आता येईल काकू. तिकडे ही बॅग उघडली असती तर?"

"म्हणूनच धावत आले."

"काकांना सांगा, मी रागावले नाहीये." मग कपडे परत घडी करता करता, "नाही, सांगा. रागावलेय म्हणून सांगा."

घरी आजोबांनी सगळं ऐकलं. पेपर घडी करून बाजूला ठेवला. "तिला तिथे अडकवलं असतं मी," म्हणाले. मग म्हणाले, "मी येत नाही. तू जा." मी कशी जाणार? रात्री आग उठली की त्यांना सदरा काढता येत नाही, मी काढते. ज्या औषधाने त्यांना खुर्चीत बसवलं, त्यानेच आम्हा दोघांना या देशात खिळवलं. दार उघडं आहे, पासपोर्ट कपाटात आहे, आणि निघता येत नाही. याची चीड कुणावर काढायची तेही कळत नाही.

औषधाच्या दुकानात रुग्णांच्या एका गटाची सूचना लावलेली होती. तो गट या कायद्यात सुधारणा मागतो. मी गेले. अर्धे लोक तरुण, त्यांना एकत्र लागवडीचे क्लब हवे होते. अर्धे आमच्यासारखे, कुणाची पाठ, कुणाचे हात. मी माझं मागणं मांडलं: आमचं औषध सिंगापूरला नेता आलं पाहिजे. गट चालवणारी निवृत्त नर्स म्हणाली, "आल्झो, म्हणजे असं बघा, ते ना आपल्या राज्याच्या हातात आहे, ना बर्लिनच्या."

"मग इथे मागायचं काय?"

"जे राज्याच्या हातात आहे ते. तुम्हाला कुणी आधी सांगितलं होतं का, हे औषध कुठे नेता येत नाही ते?"

नव्हतं सांगितलं. चिठ्ठी मिळाली, यंत्र कसं वापरायचं ते कळलं, बाकी काही नाही. मग तेच आमचं मागणं झालं: पहिल्या चिठ्ठीबरोबर प्रत्येक रुग्णाला साध्या भाषेत हे सांगितलं जावं, आणि ती जबाबदारी राज्याने घ्यावी. त्यासाठी मी बाजाराच्या दिवशी गटाच्या स्टॉलवर सह्या गोळा करायला उभी राहिले. डोक्यावरच्या फलकावर गांजाच्या पानाचं हे एवढं चित्र. इथल्या मराठी मंडळाच्या दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन समोर थबकल्या.

"अय्या काकू, तुम्ही? गांजाच्या दुकानात?"

"दुकान नाही. सही करा."

"अहो, पण गणपतीच्या आरतीला ताट तुम्हीच धरता ना!"

"यंदाही धरणार आहे. आधी सही करा."

एकीने केली. दुसरी म्हणाली, नवऱ्याला विचारून सांगते. अजून सांगितलेलं नाही. राज्याच्या विधानसभेतले एक सदस्य येऊन ऐकून गेले, मान डोलावली, पुढे काही कळलं नाही.

मुंज आम्ही पडद्यावर पाहिली. तुमच्याकडे मंगलाष्टकं चालू होती तेव्हा इथे पहाट. आजोबा नवं धोतर नेसून खुर्चीत बसले होते, वर उघडेच, कारण सदरा सोसत नव्हता. बटू भिक्षा मागायला पडद्यासमोर आला तेव्हा मी लाडू पुढे केला. त्याने झोळी पसरली. लाडू माझ्याच हातात राहिला. आजोबांनी तोंड फिरवलं. नंतर त्यांनी तो मोडून अर्धा मला दिला.

म्हणजे आता उत्तर. आजोबा औषध घेतात. ते औषध तुमच्या देशात येऊ शकत नाही, म्हणून आजोबा येऊ शकत नाहीत, आणि म्हणून मी येत नाही. हे बदलेल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आमच्या दुकानातली औषधवाली मात्र आता प्रत्येक नव्या रुग्णाला पहिल्याच दिवशी विचारते, परदेशी जाणार आहात का. गट दर महिन्याला भरतो. खालच्या गल्लीतली मुलगी पुन्हा आमच्याकडून डबे नेते, आमच्यासमोर उघडून, हुंगून. आजोबा दुपारी पेपर पूर्ण वाचतात.