काडेपेटीएवढं लोणार

लोणारला जायचं ठरलं ते आत्याबाईंच्या धारेच्या, म्हणजे तिथल्या पवित्र झऱ्याच्या, स्नानासाठी. निदान घरातल्यांना तरी तसं वाटलं. माझा बेत निराळा होता. तिथलं तळं मला काडेपेटीएवढ्या कागदावर काढायचं होतं!

हा छंद लग्नानंतरचा. यांनी नागपूरहून जलरंगांची डबी आणली, तेव्हापासून मी दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून चिमुकली चित्रं काढते. डोंगर करंजीसारखे, झाडं लाडवासारखी, नदी म्हणजे लुगड्याचा काठ. खरं दिसावं असा आग्रहच नाही. यांच्याशिवाय ती कोणी पाहिलेली नव्हती. दाखवायची म्हटलं की माझे कान तापायचे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. जिभेची तिखट. पिशवीत रंगांची डबी पाहून म्हणाल्या, "देवाले चाल्लो का रंगपंचमीले?"

खामगावहून बुलढाण्याची सर्व्हिस मोटार सकाळी सुटते, म्हणजे भरली की सुटते. जाणाऱ्यांनी ड्रायव्हरशेजारची जागा धरावी. भाडं थोडं जास्त, पण मागे बसलेल्या माणसाला बोथ्याच्या घाटानंतर सख्खा भाऊ ओळखत नाही, इतकी धूळ. सागाची पानं झडून गेली होती, उतारावरचं गवत पिवळंधमक. मी मान बाहेर काढून बघत होते आणि आत्याबाई माझा पदर धरून होत्या, जणू मी उडूनच जाणार.

देऊळघाटला मोटारीचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, मोडला. ड्रायव्हर म्हणाला, "बुलढाण्याहून दुसरा पाटा आणा लागते. बसा आता निवांत."

रस्त्याला लागूनच खातूनबीचं घर. तिचा नवरा बांगड्या विकायला बाजार-बाजार फिरतो. तिने ओसरीवर चटई टाकली. आत्याबाई परक्या घरचं शिजवलेलं खात नाहीत, हे न सांगताच ओळखून तिने बोरं आणि गूळ-शेंगदाणे पुढे ठेवले. बोरं संपली तरी पाट्याचा पत्ता नाही. माझे हात शिवशिवायला लागले. भिंतीकडे तोंड करून मी हळूच डबी उघडली आणि समोरची गल्ली काढू लागले.

"अरे अल्ला! हे तं माह्यं घर हाय!" खातूनबी माझ्या खांद्यावरून वाकून ओरडली. "आन् ही कोंबडी? ही बी माह्यीच!"

झालं. तिने चित्र उचललं आणि गल्लीभर मिरवलं. पाहता पाहता ओसरी भरली. एकीला दारातला कडुलिंब हवा, एकीला कडब्याची गंजी. एक म्हातारी म्हणाली, "माह्या घरावर चांद काढ, बाई."

"दिवसा चांद?"

"चित्रात काय दिवस आन् काय रात!"

मी हसत सुटले. कान तापले होते, पण लाजेने नव्हे. मी काढत गेले, त्या घेऊन पळत गेल्या. गंज्यांपायी पिवळा रंग खलास झाला. खातूनबीने हळद वस्त्रगाळ केली, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवली आणि वाटी पुढे सरकवली. तो पिवळा माझ्या विकतच्या रंगाहून सरस निघाला. मी थोडा डबीत भरूनही घेतला.

ऊन कलल्यावर पाटा आला. मोटारीत बसून पिशवी चाचपली तर कागद एकही उरलेला नव्हता. लोणारचं तळं मी देऊळघाटात वाटून टाकलं होतं! मला रडू यावं, पण येईना. आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

पुढे चिखलीवरून मेहकर. तिथली धर्मशाळा स्वच्छ आहे, अंथरूण मात्र आपलं न्यावं. मेहकरहून लोणारला आम्ही दमणी केली. बैलगाडीपेक्षा हलकी, पण हाडं तेवढीच खिळखिळी करते. धारेवर आत्याबाईंचं स्नान झालं, आणि मी काठावर येऊन खाली पाहिलं. जमिनीत एवढी थोरली परात, तिच्या तळाशी हिरवं पाणी आणि भोवती झाडीची झालर. झाडीतून मोर ओरडत होते. उतरताना मी दोनदा घसरले, दोन्ही वेळा हसतच उठले. खाली कमळजादेवीचं दर्शन झालं, तरी मी पाण्याकडेच बघत बसले.

तेव्हा आत्याबाईंनी कनवटीतून काहीतरी काढलं. कागद! जरा चुरगळलेला.

"त्या बाया उड्या मारून राह्यल्या होत्या, तव्हा म्या बुडाखाली दाबून ठेवला. तुह्या तळ्याले लागन ना."

मी त्यांच्या गळ्यातच पडले. "हट वं, पाहीन कोणी," म्हणाल्या, पण सोडवून घेतलं नाही.

बरोबर घेतलेलं धारेचं पाणी पिऊन संपलेलं, म्हणून कुंचला तळ्यातच बुडवला. पाण्याला उग्र वास. हिरवं वर्तुळ काढलं, भोवती हळदीचा पिवळा कडा फिरवला, आणि पाहते तो पिवळा लाल होऊ लागला! आणखी पाणी लावलं तर आणखी लाल.

"आत्याबाई, नासलं! एकच कागद होता, नासलं!"

त्या वाकल्या, बोट लावून पाहिलं, आणि टाळ्या पिटत ओरडल्या, "नासलं काहाचं! अवं, हळदीचं कुंकू झालं! कुंकू काय वेगळं करतेत? हळदीले खारच लावतेत ना! आन् हे पाणी तं सारं खारच हाय!"

मग काय! उरलेली हळद मी सगळ्या कड्यावर ओतली. हिरव्या तळ्याभोवती लालभडक डोंगर. आत्याबाईंनी बोटाचं कुंकू आधी स्वतःला लावलं, मग मला, आणि दोघी पोट धरधरून हसलो.

घरी आल्यावर यांनी चित्र उजेडात नेऊन निरखलं. "लोणारचे डोंगर लाल आहेत?"

"नाहीत," मी म्हणाले.

हिशेबाने पाहिलं तर एका कागदापलीकडे हाती काही आलं नाही. बाकीचं लोणार मला आता नीट आठवतही नाही. पण हल्ली दुपारी मी दार लोटून घेत नाही. पाट घेऊन सरळ दारापुढच्या ओट्यावर बसते. काल शेजारच्या काकू पाण्याची घागर कमरेवर घेऊन थबकल्या.

"काय करून राह्यल्या वं?"

मी पाटावर जरा सरकले. "घागर ठेवा आन् बसा. तुमच्या दारात काय काय आहे, सांगा."