गुडघ्यात उतरलेला पोपटी

माणसाला अमुकच रंग का आवडतो, याचं शास्त्र मी स्वतः शोधून काढलं आहे. जन्मल्यावर पहिले चाळीस दिवस बाळाच्या डोळ्यांपुढे जे असतं, त्याचा रंग लोणच्यासारखा आत मुरतो. माझी बाज म्हशीच्या गोठ्याशेजारी होती, म्हणून मला तपकिरी आवडतो. दिंद्रुडच्या आमच्या एका पाहुण्यांना फिका निळा आवडतो, कारण ते जन्मले त्या बाळंतिणीच्या खोलीला चुन्यात नीळ घालून रंग दिला होता. कुणी पुरावा मागितला तर मी त्याला चहा पाजतो.

हे शास्त्र कामाला लावायची वेळ आली ती भाचीच्या बस्त्याला. अंबाजोगाईच्या कापड दुकानात दोन्हीकडची वीसेक माणसं गादीवर बसली होती. नवरीचा शालू ठरला आणि मानाच्या साड्या निघाल्या. दुकानदार बाईचं कपाळ बघून गठ्ठा सोडत होता. नवरीच्या आईपुढे, म्हणजे माझ्या अक्कापुढे, त्यानं न विचारता राखाडी आणि बिस्किटी साड्या टाकल्या. दाजींना जाऊन नऊ वर्षं झाली; तेव्हापासून ती असंच काहीतरी नेसते. तिनं वरची राखाडी उचललीही. पण उचलताना तिची नजर शेजारच्या भडक ढिगाकडे गेली आणि तिथंच रेंगाळली. लेकीच्या लग्नातही हिनं राखाडीच नेसायचं, हे मला पटेना.

सरळ बोलायची हिंमत नव्हती, विहीणबाई समोरच बसल्या होत्या. मग मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि शास्त्र काढलं. अक्का शेतातल्या खोपीत जन्मली, हरभऱ्याला घाटे लागलेले असताना. त्यामुळे तिच्यात पोपटी मुरलेला आहे. असा रंग नऊ वर्षं अंगाला लागला नाही, तर तो आतल्या आत वाळतो आणि खाली उतरून गुडघ्यांत साचतो. अक्काचे गुडघे दुखतात ते त्यामुळेच.

विहीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मामा, मी तर रोज हिरवंच नेसते. मग माझे गुडघे कावून दुखतात?"

सगळी गादी हसली. माझं शास्त्र भरदुपारी आडवं झालं. बसावं की पळावं, या विचारात मी होतो, तोच त्या म्हणाल्या, "बाईला रंगाची साडी नेसू द्या, एवढंच म्हनायचं व्हतं ना? त्याच्यासाठी हरभऱ्यात कावून शिरलात?" आणि त्यांनी स्वतः तो भडक ढीग अक्कापुढे सरकवला.

मी ऐटीत एक पोपटी साडी ओढून अक्काच्या मांडीवर टाकली. तिनं ती बाजूला ठेवली. राखाडीही ठेवली. मग हळूच बोट दाखवलं.

"ती खालची. डाळिंबी."

पण तुला तर पोपटी आवडतो, मी म्हणालो.

"पोपटी मला कदीच न्हाई आवडला. ल्हानपनापासून डाळिंबीच. तू इचारलंस कवा?"

लग्नाच्या दिवशी अक्का डाळिंबी साडी नेसून मांडवाच्या दारात उभी राहिली. दोघीतिघी कुजबुजल्या. तेव्हा विहीणबाई हिरव्या साडीत, गुडघा चोळत, तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि कुजबूज थांबली.

त्या खोपीजवळ एखादं डाळिंबाचं झाड होतं का, याची मी अजून चौकशी करतो आहे.