शाळेत त्याचं नाव

आमचे हे फोनवर त्या मुलीला सांगत होते, "आहे ना. तुझ्या आजाने सांगितलेलं सगळं टाईप करून ठेवलंय. बाजाराच्या दिवशी ये आणि घेऊन जा." मी आत भाकरी थापत होते. हात तिथेच थांबला, कारण ते सगळं मी चार दिवसांपूर्वी पुसून टाकलं होतं.

हे निवृत्त मास्तर. निम्म्याहून अधिक नोकरी धडगावकडच्या डोंगरातल्या शाळेत झाली. तिथल्या मुलांचं हजेरीत एक नाव आणि घरात दुसरंच, म्हणून म्हाताऱ्यांना विचारून हे वंशावळी लिहून ठेवायचे. या मुलीचा आजा तर आमच्या शहाद्याच्या घरी येऊन, कॉम्प्युटरशेजारी बसून सांगून गेला होता. आता आजा राहिला नाही. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय आणि जात पडताळणीसाठी घराण्यातला जुना शाळेचा दाखला हवाय. त्या पिढीत शाळेत गेलेला एकटाच, आजाचा थोरला काका. कुठल्या शाळेत, कुठल्या नावाने, हे आजालाच ठाऊक होतं. दाखला मिळाला नाही तर प्रवेश जाणार होता.

माझा स्वभाव झाडझुडीचा. भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये मावेना, म्हणून मी साफसफाईला बसले. एका फोल्डरमधली फाईल उघडली तर नुसते कंस, डॉलरच्या खुणा आणि डोक्यावर टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं. सगळ्या फायली तशाच. मला वाटलं व्हायरस. कचऱ्याच्या डब्यातही उरू नये म्हणून शिफ्ट दाबून उडवल्या आणि त्या जागी लग्न भरलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, ते कॉम्प्युटरला हात लावत नव्हते. म्हणून मीही गप्प राहिले. भित्रेपणाच होता तो.

दुसऱ्या दिवशी 'फार गरम होतोय' अशी थाप मारून मी कॉम्प्युटर रिक्षात घातला आणि स्टँडजवळच्या दुकानात नेला. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, पुसल्यावर त्यात नवीन काही भरलं का? लग्न भरलं, मी म्हटलं. नवा भाडेकरू राहायला आल्यावर जुन्याचं सामान कुठे शोधायचं, असं म्हणत का होईना, त्याने दोन दिवस ठेवून घेतला.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मावशी, फायली सापडन्यात, पन समद्या बिघडेल शेतस. काहीच वाचता येस नही."

मी वाकून पाहिलं. कंस, डॉलर, टोप्या.

"बिघडेल नही रे भाऊ. त्या अश्याच व्हत्यात."

मला रडूच आलं. वाचता येत नाही म्हणून जे फेकलं, ते आता त्याच खुणेवरून ओळखू येत होतं. दुकानदाराने सांगितलं, हा जुना मराठी फॉन्ट असणार. मागच्या वर्षी कॉम्प्युटर नव्याने भरून घेतला तेव्हा तो गेला असेल. फॉन्टचं नाव कळलं तर परत बसवून देतो. नाव यांनाच माहीत होतं.

घरी येऊन विचारलं, "तुमना जुना फॉन्ट कोनता व्हता?"

"कसाले जोयजे तुले?"

मग कशाला हवा ते सगळं सांगितलं. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. काळा चष्मा सारखा केला, फॉन्टचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "मन्हंबी चुकनं. कागदवर उतारीसन ठेवाले जोयजे व्हतं."

बाजाराच्या दिवशी मुलगी आली. फॉन्ट टाकल्यावर त्या टोप्यांची सरळ मराठी झाली होती. ती एकेक पान मोठ्याने वाचत गेली. आजाचा बाप, त्याच्या बहिणी, कोण कुठल्या पाड्यावर गेलं. नवव्या पानावर आलं, 'थोरला काका एकटाच शिकला. शाळेत त्याचं नाव'. त्यापुढे दोन ओळी रिकामे चौकोन, आणि मग कोरं पान. तेवढ्या जागेवर लग्न बसलं होतं.

मी तिला सांगितलं की हे माझ्या हातून झालं. ती रागावली नाही. तिने यांच्याकडे पाहिलं. यांनी नकारार्थी मान हलवली. अशी कितीतरी घराणी यांनी टाईप केली होती, एक नाव कुठून आठवणार?

मग ती म्हणाली, "आजा सांगत होता तेव्हा मी इथंच होते, बाई. अंगणात तुमच्या मांजरीशी खेळत होते."

मीही इथंच होते. पाच पावलांवर चहा करत होते. यांचं टाईपिंग सावकाश, म्हणजे आजाने ते नाव दोनदा तरी सांगितलं असणार. माझ्या कानावरून गेलं असणार. मी खूप आठवून पाहिलं, अजूनही पाहते. आठवतं ते एवढंच, की त्याला चहात साखर जास्त लागायची.