खदानीवरची लाथ

जन्माला येताना मी पाय आधी बाहेर काढले, डोकं नंतर. आईला व्हायचा तो त्रास झाला आणि मला आयुष्यभराची पदवी मिळाली: पायाळू. आमच्या मेडशीकडे पायाळू माणसाला मोठा मान. कुणाची कंबर धरली, पाय मुरगळला, पाठीत उसण भरली, की पायाळूने डाव्या पायाची लाथ हळूच लावायची आणि दुखणं पळायचं, असं लोक मानतात. मान आहे तशी भीतीही आहे. पायाळूवर वीज पडते म्हणे. शाळेत असताना आभाळ गडगडलं की माझ्या बाकावरच्या पोरी उठून दुसरीकडे जायच्या आणि अख्खा बाक मला मिळायचा. मी कधी तक्रार केली नाही.

बाबांना मात्र हे मुळीच खपत नसे. दर रविवारी विहारात जाणारा, पुस्तकं वाचणारा, गल्लीत कुणी लिंबू-मिरची टांगली तर ती काढून तिच्यातल्या मिरच्या भाजीत घालायला सांगणारा तो माणूस. शेजारची बाई धरलेली कंबर घेऊन आमच्या दारात आली की तिला चहा मिळे, लाथ मिळत नसे. माझे पाय घरात होते ते फक्त चालण्यासाठी.

बारावी झाल्यावर मी गिट्टीच्या, म्हणजे खडीच्या, खदानीवर हजेरी लिहायला लागले. बाबा तिथेच ड्रिल मशीनवर होते. सुरुंगासाठी काळ्या दगडाला भोकं पाडायचं काम. खदानीवर ड्रिलवाल्याचा रुबाब वेगळाच. त्याने भोक पाडल्याशिवाय सुरुंग नाही, सुरुंगाशिवाय दगड नाही आणि दगडाशिवाय आम्ही सगळे रिकामटेकडे. मला पत्र्याची एक खोली मिळाली, एक टेबल, हजेरीचं रजिस्टर आणि दवापेटी. पेटीत कापूस होता, लाल औषधाची बाटली होती, मुदत कधीच संपलेली मलमाची ट्यूब होती आणि एक कात्री होती, जी मुकादम मिशा कापायला नेत असे.

खदानीत सगळं दुखणं पायाला. वरून दगड आला तर पायावर येतो, माणूस घसरला तर घोटा जातो, आणि ज्याचं काहीच होत नाही त्याचा गुडघा हळूहळू झिजतो. लोक चपलेवर काम करत. बूट होते, नाही असं नाही. कुणी साहेब तपासणीला येणार असला की गोडाऊनमधून बुटांचं पोतं निघायचं. सगळे बूट नऊ नंबरचे. सहा नंबरचा पायही त्यातच आणि अकरा नंबरचाही त्यातच. साहेबाची गाडी येईपर्यंत सगळे बदकासारखे चालत आणि गाडी डांबरी रस्त्याला लागली की बूट परत पोत्यात.

आणि मुकादम. त्याची एक रीत होती. रोज सकाळी खदानीच्या उताराच्या तोंडाशी तो चहाचा कप घेऊन उभा राहायचा आणि खाली उतरणाऱ्यांचे पाय पाहायचा. बाजारात बैल चालवून पाहतात ना, तसं. जो लंगडला त्याला म्हणायचा, जा, चार दिवस घरी बस. बोलायला किती प्रेमळ! पण पाचव्या दिवशी माणूस परत आला की त्याच्या जागेवर दुसराच उभा असायचा. त्यामुळे त्या उतारावरून सगळे लग्नाच्या वरातीत असल्यासारखे ताठ उतरत.

माझी पहिली लाथ क्रशरवरच्या चाचांना बसली. चाचा मेडशीचेच, पन्नाशीचे, गिट्टीच्या मशीनवर सगळ्यात जुने. ढिगावरून उतरताना त्यांचा पाय दोन दगडांच्या मध्ये गेला आणि ते आडवे झाले. दोघांनी धरून माझ्या खोलीपुढे आणून बसवलं. घोटा वांग्यासारखा सुजला होता. मुकादम समोरच उभा होता. मी धावत पेटी आणली तर चाचा पेटीकडे बघेचनात, ते माझ्या पायांकडे बघत होते.

"पेटी राहू दे बेटा," ते म्हणाले. "तू पायाळू हायेस ना? मार."

बाबा खाली मशीनवर होते. कंप्रेसरचा आवाज येत होता, म्हणजे ते ऐकू शकत नव्हते. मी चप्पल काढली आणि डावा पाय त्यांच्या घोट्याला तीनदा लावला. चाचांनी डोळे मिटले, ओठ आवळले आणि ते उभे राहिले. चालूनही दाखवलं. मुकादमानं तोंडात बोट घातलं. खरं सांगते, मीही घातलं असतं, पण मला माझा मान सांभाळायचा होता.

त्यानंतर माझा दवाखाना जोरात चालला. अंगठा ठेचलेला यायचा, घोटा मुरगळलेला यायचा, गुडघ्यात पाणी झालेलाही यायचा. मी नियम काढले. पाय धुऊन यायचं, कारण त्या पायांना माझा पाय लागणार होता. सकाळीच यायचं, कारण दुपारी मला झोप येते. डबा खाऊन आलेल्याला लाथ लागू पडत नाही, हेही मीच ठरवलं. ह्याला काही आधार नव्हता, पण लोकांनी इतक्या गंभीरपणे पाळलं की थोड्या दिवसांनी मलाच ते खरं वाटायला लागलं. गंमत अशी की सगळे यायचे ते बरोबर मुकादमाच्या चहाच्या वेळेला, माझ्या खोलीपुढच्या उघड्या जागेत. मला वाटे, माझी कीर्ती पाहायला लोकांना गर्दी आवडते.

एकदा खुद्द मुकादमाची कंबर धरली. आदल्याच आठवड्यात एसटी उशिरा आली म्हणून त्याने माझी अर्धी हजेरी कापली होती. तो खोलीचा खांब धरून, माझ्याकडे पाठ करून वाकला. लाथ हळूच लावायची असते. मी ती जरा मोठ्या मनाने लावली. खांबासकट पत्रा वाजला. तो दोन मिनिटं तसाच राहिला, मग सरळ झाला आणि म्हणाला, "फरक हाये." त्या दिवसापासून माझी एसटी कधी उशिरा आली नाही, म्हणजे येत होती, पण रजिस्टरमध्ये नाही.

घरी हे कळायचं ते कळलंच. बाबा ओरडले नाहीत, तेच वाईट. जेवताना एवढंच म्हणाले की शिकल्या-सवरल्या पोरीनं लोकाइले फसवावं, यापरीस तिनं दगड फोडलेले बरे. मी म्हटलं, लोक बरे होऊन राह्यले, मी काय करू? आई हसली. बाबा नाही हसले. चाचा त्या वेळी डावा पाय बाहेर टाकून चालायला लागले होते. सूज उतरली होती पण पाय तिरपाच पडत होता. उतारावर मात्र ते दात खाऊन सरळ चालत. भेटेल त्याला सांगत, ह्या पोरीच्या लाथेनं चालून राह्यलो. मी फुशारून जात असे. पाय तिरपा का पडतो, हे विचारायचं मला सुचलं नाही. आता लाज वाटते, पण नाही सुचलं.

पुढच्या वर्षी बाबा खदानीचा उतार उलटे उतरायला लागले. म्हणजे तोंड दगडाच्या भिंतीकडे, पाठ खाली. मुकादमाने विचारलं तर म्हणाले, दगडाची नस पाहून राह्यलो, सुरुंग कुठं लावायचा ते वरूनच समजते. मुकादमाला हे इतकं पटलं की त्याने दुसऱ्या ड्रिलवाल्यालाही उलटं उतरायला लावलं आणि तो बिचारा पडला. घरी बाबा खाटेवर बसून जेवायला लागले, म्हणाले, खाली मुंग्या फार झाल्या. विहारात भिंतीकडेच्या खुर्चीवर बसायला लागले, म्हणाले, तिथून नीट ऐकू येते. संडासात एक पालथी बादली आली. तिच्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत. आम्ही सगळं मानलं. कधी खोटं न बोलणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, त्याचं खोटं कुणी तपासत नाही.

मग एका दुपारी, सगळे डबे घेऊन बाभळीखाली गेले होते आणि मुकादम तालुक्याला मालेगावला गेला होता, तेव्हा बाबा माझ्या खोलीत आले. आत येऊन त्यांनी पत्र्याचं दार ओढून घेतलं. स्टुलावर बसले आणि उजव्या पायाची पँट वर केली. गुडघ्याला माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी आवळलेली होती. ती सोडली तेव्हा मला गुडघा ओळखू येईना. ड्रिल मशीन मांडीनं आणि गुडघ्यानं दाबून धरावी लागते, ती दिवसभर थरथरते, हे मी रोज पाहत होते. पाहत होते आणि हजेरी लिहीत होते.

"मार," बाबा म्हणाले.

मला आधी वाटलं ते माझी परीक्षा घेताहेत. मी काहीतरी वात्रट बोलणार होते, पाय धुतले का वगैरे. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"मी नाही मानत, तुले मालूम हाये," ते म्हणाले. "पण लय दुखून राह्यलं, पोरी. रातभर झोप नाही. एकडाव मारून पाह्य."

मी चप्पल काढली नाही. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग आधी बाहेर पडला. म्हटलं, मी मारणार नाही, उद्या सकाळच्या एसटीनं वाशीमला जायचं, दवाखान्यात. ते म्हणाले, उद्या खाडा केला तर मुकादम विचारेल. म्हटलं, विचारू द्या. ते म्हणाले, एकदा लंगडा ठरलो तर मशीन गेली. हे मलाही माहीत होतं. ती मशीन गेली की बाबा काय राहतील, ते मला तेव्हा दिसत नव्हतं आणि त्यांनाही दिसत नव्हतं, म्हणून तर ते गुडघा वाचवत उलटे उतरत होते. मी त्यांची पट्टी परत बांधून दिली. इतकी वाईट बांधली की त्यांना सोडून पुन्हा स्वतः बांधावी लागली.

वाशीमच्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? बाबा म्हणाले, चार-पाच दिवस झाले. मी म्हणाले, वर्ष झालं. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढून उजेडावर धरला आणि सांगितलं की आतली गादी फाटून गेली आहे, हाडाला हाड घासतंय, यापुढे मशीन धरायची नाही. बाबांनी दोनदा विचारलं, बिलकुलच नाही? डॉक्टर दोन्ही वेळा नाही म्हणाले.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले. मालेगाव मागे पडलं. मग बाहेर पाहतच म्हणाले, "तू लाथ मारली असती तं मी आज कामावर असतो."

"म्हणूनच नाही मारली," मी म्हटलं. मला वाटलं, चांगलं उत्तर दिलं.

"मंग बाकीच्याइले काहून मारली?"



दुसऱ्या दिवशी मी क्रशरपाशी जाऊन चाचांना गाठलं. मशीन बंद होती, ते तंबाखू मळत होते. मी एका दमात सांगून टाकलं की चाचा, त्या दिवशी तुमचा घोटा मोडलेला असणार, मी लाथ मारली नसती तर तुम्ही दवाखान्यात गेला असता, पाय सरळ जुळला असता, माझं चुकलं. रात्रभर पाठ केलं होतं, तरी अडखळले.

चाचा हसले. आधी थोडे, मग तंबाखू सांडेपर्यंत.

"मोडला होता हे काय मले मालूम नव्हतं?" ते म्हणाले. "पाय माहा होता ना. अवं, मुकादम समोर उभा होता. तो मानते पायाळूले. लाथ खाल्लेल्या माणसाले तो घरी नाही बसवत, बरा झाला म्हणते. तुह्या लाथेनं पाय नाही, माही जागा वाचली."

"म्हणजे सगळेच..."

"सगळेच," चाचा म्हणाले आणि सांडलेली तंबाखू वेचायला लागले.

मी खोलीत येऊन बसले. पाय धुऊन येणारे, उपाशी येणारे, मुकादमाच्या चहाच्या वेळेला उघड्यावर येणारे, सगळे आठवले. त्यांच्यातल्या एकालाही माझ्या पायाचा गुण हवा नव्हता. मुकादमानं पाहिलं की त्यांचं काम व्हायचं, आणि मी आपली डॉक्टरीण होऊन मिरवत होते.

बाबांची मशीन गेली. मुकादम म्हणाला, चार दिवस घरी बसा, आणि पाचव्या दिवशी किन्हीराजा गावचा एक माणूस ड्रिलवर आला. मी त्याची हजेरी लिहिली. बाबा आता परसात मिरच्या लावतात आणि आईला भाजी कशी करायची ते शिकवतात, त्यावरून दोघांचं रोज वाजतं. गुडघा पाऊस-पाण्यात फार दुखतो.

तो दुखायला लागला की मला ती दुपार आठवते. मुकादम मालेगावला गेलेला, दार ओढून घेतलेलं, बघायला कुणीसुद्धा नाही. त्या अख्ख्या खदानीतून माझ्याकडे खरोखर दुखणं थांबावं म्हणून एकच माणूस आला होता, आणि त्याचा लाथेवर विश्वास नव्हता.